मानेखालचे एकोणीस फोटो

आठातल्या सात फोटोंत कुणालाच डोकं नव्हतं.

हुसेननं कोल्हापूरहून आणलेलं पाकीट उपडं केलं आणि सगळं घर जाजमाभोवती गोळा झालं. शेजारची चिमणाबाई नव्या लुगड्यासकट मानेपर्यंत आली होती. खुद्द हुसेन शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपासून खाली होता. आठवा फोटो पाळण्यातल्या मेहमुदाचा. ती आडवी होती, म्हणून सबंध आली. पाकिटाच्या पाठीवर फोटो धुणाऱ्या जोतीरामनं पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली होती : ‘मुंडकी कुठं ठेवली?’

हसून हसून हुसेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची बायको रशिदा मात्र लाल होऊन पदराशी चाळा करत बसली. कारण फोटो तिनं काढले होते.

ही त्रेसष्ट सालची गोष्ट. हुपरीत घरोघर चांदीचं काम, तसंच यांच्याही घरी. बायका पैंजणाच्या कड्या जोडायच्या, हुसेन डाख देऊन त्या कड्या पक्क्या सांधायचा आणि दर सोमवारी तयार माल घेऊन बसनं कोल्हापूरला गुजरीतल्या सराफांकडं पोचवायचा. तिथंच बदली होऊन निघालेल्या एका कारकुनाकडून त्यानं हा जुना बॉक्स कॅमेरा घेतला. लेक झाली होती, तिचे फोटो हवेत, एवढीच हौस. पण हुसेनला एका जागी उभं राहणं कधी जमलं नाही. दोन दिवसांत त्यानं ते काळं खोकं रशिदाच्या मांडीवर ठेवलं, मेहमुदाच्या शेजारी, आणि म्हणाला, आता दोन्ही तूच सांभाळ.

त्या खोक्यात वरून बघायचं असे. छातीशी धरायचं आणि टपालाच्या तिकिटाएवढ्या काचेत डोकावायचं. वयाच्या सातव्या वर्षापासून कड्या जोडणारी रशिदा काचेत बघायला वाकली की तिच्या पाठीला कामाचीच आठवण व्हायची. ती पुढं कलायची, आणि तिच्याबरोबर कॅमेराही. माणसांची मुंडकी अशी वरच्या वर जायची.

सात फोटोंपैकी एक कोंबडीचा होता. म्हणजे रशिदाला कोंबडी काढायची होती. कोंबडी पळाली आणि तिच्यामागं सुपात तांदूळ निवडत बसलेल्या मदिनाआम्मा, तिच्या सासूबाई, फोटोत आल्या. तो फोटो हातात आला आणि हुसेनचं हसणं थांबलं. आम्मा जन्मात कधी फोटोला बसल्या नव्हत्या. तोंडाची नक्कल करणं हे अल्लाचं काम, माणसाचं नव्हे, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी सांगितलं होतं. मशिदीतले मौलवीसाहेब म्हणाले होते, कामापुरता फोटो चालतो. दुसऱ्यांच्या फोटोला आम्मांचीही कधी ना नसे. पण स्वतःपुरता त्यांनी वडिलांचा शब्द धरून ठेवला होता.

आम्मांनी फोटो उजेडात नेला. सूप होतं, हात होते, हातातल्या काचेच्या बांगड्या होत्या. हनुवटीच्या खाली बोटभर अंतरावर फोटो संपत होता.

“ह्यात मी हाय,” त्या म्हणाल्या, “पर तोंड न्हाय.”

त्यांनी फोटो रशिदाच्या हातात दिला.

“मग चालतंय की. दर ईदला येक काढ माझा. पर मानंच्या वर गेलीस तर बघ, रशिदा.”

असा तो करार झाला. दर रमजान ईदला, शीरखुर्म्याची भांडी घासून झाली की आम्मा अंगणात येऊन बसायच्या आणि रशिदा त्यांचा मानेखालचा एक फोटो काढायची. बाकी वर्षभरात तिच्या वाट्याला दोन-तीन रोल यायचे. लेकरू झोळीत झोपलं, कड्यांची पाटी संपली आणि उजेड अजून उरला, असं तिन्ही एका दिवशी जुळलं तरच कॅमेरा खुंटीवरून उतरायचा.

जोतीरामला तिनं कितीतरी वर्षं पाहिलंही नव्हतं. रोल हुसेनबरोबर जायचा आणि पुढच्या सोमवारी पाकीट यायचं. त्यावरची पेन्सिलीची ओळ हीच तिची शाळा. ‘सूर्य पाठीशी घ्या.’ ‘मागची बादली आधी उचला, मग फोटो काढा.’ ‘जवळ जा, पण फार जवळ नको.’ एकदा तिनं रोल न सरकवता एकावर एक दोन फोटो काढले, तेव्हा चिमणाबाईच्या पोटात म्हैस उभी राहिली. त्या पाकिटावर जोतीरामनं काहीच लिहिलं नव्हतं. नुसतं म्हशीचं चित्र काढलं होतं. चिमणाबाईनं तो फोटो मागून घेतला आणि पुढं कितीतरी वर्षं आल्यागेल्याला दाखवला.

एक ओळ मात्र पुन्हा पुन्हा यायची : ‘हात हलतो.’ रशिदानं कॅमेरा उंबऱ्यावर टेकवून पाहिला, डब्यावर ठेवून पाहिला. शेवटी हे कोडं सुटलं ते कामावर. त्या दिवसांत हुसेन तापानं पडला होता आणि डाख देण्याचं काम तिच्याकडं आलं होतं. दिव्याच्या ज्योतीतून फुंकणीनं वारा मारायचा, तो एकसारखा लागतो. जरा हिसका बसला तर कडीच वितळून जाते. म्हणून आधी श्वास भरून घ्यायचा, गालात धरायचा आणि खांदे न हलवता हळूहळू सोडायचा. सहाव्या का सातव्या कडीला तिच्या लक्षात आलं की श्वास धरलेला असताना तिची बोटं दगडासारखी स्थिर असतात. संध्याकाळी तिनं तसाच श्वास धरून मेहमुदाचा फोटो काढला. पुढच्या पाकिटावर लिहिलं होतं : ‘आता जमलं. काय केलंत?’

मेहमुदानंतर दोन मुलगे झाले, तेही शाळेत जायला लागले. कॅमेरा बदलला, नव्याची काच मोठी होती, त्यात माणूस तळहाताएवढा दिसायचा. रशिदाची पाठ आता कॅमेऱ्यापाशी सरळ राहायला शिकली होती. लोकांची मुंडकी केव्हाच जागेवर आली होती. लग्नाआधी मुलीचा फोटो पाठवायचा असला की गल्लीतल्या आया तिच्याकडं यायच्या, कारण तिच्यासमोर मुली खांदे सैल सोडून उभ्या राहायच्या.

आणि ईदचे फोटो. तोंड नाही म्हटल्यावर बाकीचं सगळं बघणं आलं. आम्मा अडकित्ता कसा धरतात, नमाजावरून उठल्यावर गुडघा कसा चोळतात, मेहमुदाची वेणी घालताना रिबीन दातात धरायची तर ती फोटोत येणार नाही म्हणून खांद्यावर कशी टाकतात. रशिदा वर्षभर हे मनात टिपून ठेवायची आणि ईदला त्यातलं एक काढायची. पण मनात एक खडा सलत होताच. आम्मा हसायच्या तेव्हा त्यांचे उरलेले दोन दात, बारीक झालेले डोळे, सगळा चेहरा असा उजळायचा की घरातला मोठा पितळी हंडा त्यापुढं मळका वाटावा. हे कधीतरी जाणार, आणि आपल्या हातात कॅमेरा असताना जाणार, या विचारानं तिचा जीव कळवळायचा.

शहात्तरच्या ईदला आम्मा अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेरा वर्षांपूर्वी बसल्या होत्या तशाच. रशिदानं काचेत हनुवटीखालची रेघ पक्की केली, श्वास भरला. तेवढ्यात चिमणाबाईचं करडू आलं आणि आम्मांचा पानाचा बटवा तोंडात धरून चालू लागलं. पळालं नाही, सावकाश, घरच्या माणसासारखं निघालं. आम्मा आधी “हाड” म्हणाल्या, मग मांडीवर थाप मारून खदखदून हसायला लागल्या.

रशिदाचे हात वर गेले. दोन बोटं, फार तर तीन. श्वास धरलेलाच होता.

खटका वाजला. हसण्यात आम्मांना तो ऐकूही गेला नाही.

पुढच्या सोमवारी हुसेननं पाकीट आणलं ते मोठं होतं. जोतीरामनं तो फोटो वहीच्या पानाएवढा करून धाडला होता, निगेटिव्हसकट. पाकिटावर लिहिलं होतं : ‘आता मी शिकवण्यासारखं काही राहिलं नाही. हा प्रदर्शनात लावायचा.’

रशिदानं फोटो एकदाच नीट पाहिला. असा फोटो तिनं आधी काढला नव्हता. मग तिनं तो पिठाच्या डब्याखाली ठेवला. तीन दिवस भाकरी करताना तिचं लक्ष तव्यावर नव्हतं. आम्मा शेजारी बसून नेहमीसारख्या सुनेला पहिली गरम भाकरी वाढून घ्यायला लावत होत्या, आणि रशिदा ती तशीच मुलांच्या ताटात सरकवत होती. चौथ्या दिवशी दुपारी घरात दोघीच असताना तिनं फोटो आणि निगेटिव्ह नेऊन आम्मांच्या पुढ्यात ठेवलं.

“आम्मा, माझ्याकडनं चुकलं. हात वर गेला.”

“आपसूक गेला का तू नेलास?”

“मी नेला.”

आम्मांनी फोटो हातात घेतला. खूप वेळ त्या बघत राहिल्या. शेगडीवरचं पाणी उकळायला लागलं तरी दोघी उठल्या नाहीत.

“मी अशी हसतो व्हय?” शेवटी त्या म्हणाल्या.

“व्हय.”

“माझी आई अशीच हसायची. मला वाटायचं, ती गेली तवा तिचं हसणं बी गेलं.” त्यांनी अंगठ्यानं फोटोची कड पुसली. “खालचं चांगलं आलंय काय?”

“आलंय.”

“मग खालचं आपलं. आण ती कात्री.”

चांदीचा पत्रा कापायची कात्री रशिदानं आणून दिली. सत्तरीतल्या आम्मांचा हात जराही हलला नाही. हनुवटीखाली बोटभर अंतर सोडून त्यांनी फोटो सरळ रेषेत कापला. वरचा तुकडा पुन्हा एकदा पाहिला आणि निगेटिव्हबरोबर शेगडीत सोडला. निगेटिव्ह वाकडं होत जळालं, घरभर उग्र वास सुटला.

“अल्लाला ठावं हाय मी कशी हसतो,” त्या म्हणाल्या. “आता तुला बी ठावं झालं, मला बी. बास की. रडू नको, च्या टाक.”

पुढच्या ईदला रशिदा कॅमेरा घेऊन बाहेर यावं की नाही या विचारात दाराशी उभी होती, तर आम्मा आधीच अंगणात बसलेल्या. रशिदाची चाहूल लागताच त्यांनी मान वर ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, चल, आटप.

चौऱ्याऐंशी साली कोल्हापुरातल्या हौशी फोटोवाल्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. जोतीराम आता पार पिकला होता. तो स्वतः हुपरीला आला आणि ईदचे सगळे फोटो आणि उरलेली निगेटिव्हं, वहीच्या पानाएवढे करून लावायला, मागून घेऊन गेला. मधल्या दोन-तीन ईदा आजारपणात आणि बाळंतपणात हुकल्या होत्या. तरी एकोणीस भरले. आम्मांना विचारलं तर म्हणाल्या, तोंड न्हाय तर माझं काय जातंय? वर त्यांनी स्वतःच बसनं यायचा हट्ट धरला.

बक्षीस रंकाळ्यावरच्या एका सूर्यास्ताला मिळालं. त्याचं रशिदाला फारसं काही वाटलं नाही, कारण तिच्या ओळीपुढं माणसं जास्त वेळ थांबत होती. गुडघे दुखतात म्हणून आम्मांना खुर्ची दिली होती, ती नेमकी त्या ओळीच्या खाली. एकोणीस फोटोंत एकच फोटो बाकीच्यांपेक्षा आखूड होता. त्यात सूप होतं, मांडीवर थाप पडता पडता टिपलेला हात होता आणि कडेला करडाचे मागचे पाय.

वारणानगरच्या शाळेतले एक मास्तर बायकोला घेऊन त्या आखूड फोटोपाशी थबकले.

“हे बघ,” ते म्हणाले, “ही बाई हसायली हाय. हातावरनं कळतंय. तोंड बघायला पायजे हुतं हिचं. कशी असंल कुणाला ठावं.”

“लई देखणी हुती म्हणं, पावणं,” खुर्चीतून आम्मा म्हणाल्या.

मास्तरांनी चमकून खाली पाहिलं. आधी खुर्चीतल्या हातांकडं, मग भिंतीवरच्या हातांकडं. आणि आम्मा मांडीवर थाप मारून हसायला लागल्या. आता तर दातही एकच उरला होता.

रशिदा चार पावलांवर उभी होती. खिडकीचा उजेड नेमका डाव्या बाजूनं येत होता. कॅमेरा खांद्यावरच्या पिशवीत होता आणि रोलमध्ये एक फोटो शिल्लक होता. तिनं नकळत श्वास भरून धरला. पिशवीच्या गाठीवर ठेवलेली तिची बोटं दगडासारखी स्थिर झाली.

ती तशीच बघत राहिली, आम्मांचं हसणं संपेपर्यंत. मग तिनं श्वास हळूहळू सोडला, खांदे न हलवता, आणि आम्मांना पाणी आणायला गेली.