भर दुपारचं पाणी

लोहा गावातल्या एका गच्चीवर पाइपाला आटे पाडत बसलेल्या मुनीबने बोरदऱ्याच्या नरसिंगला फोन लावला, तो अगदी साध्या कामासाठी. नरसिंग म्हणजे गावात नळाचं पाणी सोडणारा माणूस. कुठल्या गल्लीला किती इंची लाइन आहे, हे सरपंचापेक्षा त्याला जास्त ठाऊक. बोरदऱ्यात तीस घरांवर पाणी तापवायचे सोलर बसवायचे होते, त्याची मापं मुनीबला हवी होती. पण मापं राहिली बाजूला, नरसिंगने पहिल्या वाक्यातच रडगाणं सुरू केलं.

"मापाचं काय घेऊन बसलास भाई! पाच दिवस झाले, गावात पान्याचा थेंब न्हाई. हिरीवरली मोटार जळली हुती, आत्ता बसवून राहिलो. बाराला वरच्या गल्लीला पानी सोडतो."

"पाच दिवस? मग दानम्माकाकूच्या गच्चीवरली टाकी?"

"कुनाच्याच टाकीत काय न्हाई. हापशावर बाया एकमेकीच्या झिंज्या धरायच्या बाकी हायत."

मुनीबने आधी वर आभाळाकडे पाहिलं, मग मोबाइलवरच्या वेळेकडे. बाराला दहा मिनिटं कमी होती. जानेवारीचा शेवट चालला होता. पहाटे पाण्यात हात घालवत नाही आणि दुपारी पत्र्यावर पाय ठेववत नाही, असे आपल्याकडचे हे दिवस. आभाळात ढगाचा एक तुकडाही नव्हता. एरवी असं आभाळ बघून मुनीब खूश व्हायचा, कारण त्याचा धंदाच उन्हाचा. आज मात्र त्याला ते ऊन नको होतं.

दानम्माच्या गच्चीवरचा सोलर त्यानेच महिन्यापूर्वी बसवला होता. खाली पंधरा काचेच्या नळ्या, वर आडवी गोल टाकी; तिच्यात गच्चीवरच्या मोठ्या टाकीतून गार पाणी उतरतं. टाकी रिकामी पडली, की नळ्यांत उरलेलं पाणीही दोन-चार दिवसांच्या उन्हात वाफ होऊन निघून जातं आणि कोरड्या नळ्या आतून चुलीवरच्या तव्यासारख्या तापतात. अशा वेळी भर दुपारी गार पाणी आत शिरलं, तर काच फुटते. उपाय म्हणाल तर अगदी पोरखेळ. टाकी कोरडी पडली, की गार पाण्याचा वॉल बंद करून टाकायचा आणि दिवस मावळल्यावर, नळ्या निवल्या की उघडायचा. सांगायला एक वाक्य पुरतं. ते एक वाक्य मुनीबने बोरदऱ्यात कुणालाही सांगितलं नव्हतं.

तो विसरला नव्हता. त्याने मुद्दामच सांगितलं नव्हतं.

गेल्या साली दुसऱ्या एका गावात त्याने सगळं प्रामाणिकपणे सांगून पाहिलं होतं. हे करा, ते करू नका, अमक्या वेळी वॉल फिरवा. ऐकता ऐकता बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. "काचंचं काम हाय बाई, आपल्याला झेपायचं न्हाई," असं म्हणत एकेक उठून गेली आणि पुढे ते काम दुसराच कुणी गोड बोलून घेऊन गेला. त्या दिवसापासून मुनीब शहाणा झाला. म्हणजे निदान त्याची तशी समजूत होती. बोरदऱ्याच्या बचत गटापुढे तो हसत हसत म्हणाला, "वॉल सदा उघडाच ठेवायचा. तुमी कायबी करायचं न्हाई. ऊन त्याचं काम करतंय, तुमी फकस्त आंघोळी करा." बाया खूश झाल्या. फक्त गटाची अध्यक्ष उज्वला पक्की होती. ती म्हणाली, आधी एका घरावर महिनाभर चालू द्या, मग तीस घरांचं बोलू. महिना भरायला दोन दिवस उरले होते.

मुनीबचे वडील ताहेरमियाँ लोह्यात तांब्याचे बंब घडवायचे. बंब गेले आणि घरातलं काम गेलं. मग मुनीबने सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली सोलर बसवले. बोरदऱ्याची तीस घरं हे त्याच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम होतं. लोह्यातल्या चौकात दुकानाला जागाही बघून ठेवली होती. हे सगळं त्या पंधरा काचांवर येऊन टेकलं होतं.

"नरसिंगभाऊ, ऐका ना," तो म्हणाला. "पानी जरा उशिरा सोडता येईल का? दिवस मावळल्यावर?"

"पाच दिवसांनी पानी आलंय अन् मी अडवून धरू? गाव मला जित्ता ठिवंल का? का बरं?"

आता सांगायला हवं होतं. काकूच्या घरी जाऊन गच्चीवरचा वॉल तेवढा बंद करायला सांगा, एवढंच. वाक्य जिभेवर आलंही. पण नरसिंगला सांगणं म्हणजे भोंग्यावर सांगणं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, की मुनीबच्या सोलरात पाणी घातलं की काच फुटते. मुनीबने वाक्य गिळलं.

"काय न्हाई, असंच. उज्वलाताईंना मला फोन करायला सांगा जरा."

फोन ठेवल्याबरोबर त्याची चुळबुळ सुरू झाली. त्याने उज्वलाला दोनदा फोन लावला. कुणी उचलला नाही, हापशावर असेल. दानम्माला लावला. तिचा लागला, वाजला आणि बंद झाला. हातातला पाइप तसाच टाकून, मालकाला "येतो अर्ध्या तासात" अशी थाप मारून तो गाडीवर बसला.

अठरा किलोमीटरचा रस्ता. नेहमी वीस-पंचवीस मिनिटांत जाणारा मुनीब आज गाडी पळवत होता आणि तरी त्याला वाटत होतं, गाडी जागेवरच उभी आहे. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकला तेव्हा त्याने ड्रायव्हरला मनात येतील तेवढ्या शिव्या दिल्या. दोनदा गाडी बाजूला घेऊन पुन्हा दानम्माला फोन लावला. दुसऱ्यांदा लाइन बिझी लागली. म्हणजे घरात माणूस होतं. मग उचलत का नाही? मोटार बसली नसेल, नरसिंगला उशीर झाला असेल, गावाकडे बाराचे एक वाजतातच, असं तो स्वतःला समजावत होता आणि त्यातलं काही पटत नव्हतं. आपण एवढे का घाबरलो, हेही त्याला धड कळेना. चार नळ्या फुटल्या तर चार नळ्या बदलता येतात. पण तीस घरं फुटली तर ती कुठून आणायची?

बोरदऱ्याच्या वेशीतच त्याला कळलं. गटारं खळखळत होती. पोरं घागरी घेऊन पळत होती. पाणी येऊन चांगला अर्धा तास झालेला.

दानम्माच्या अंगणात बायांचा घोळका जमला होता. गच्चीच्या पन्हाळीतून पाणी भिंतीवर ओघळत होतं आणि खाली फरशीवर काचेचे तुकडे चमकत होते. दानम्मा मधोमध उभी राहून हातवारे करत होती. बाई साठीची, पण आवाज असा की शेजारच्या शिवारातली पाखरं उडावीत.

"आलास बाबा? बघ, बघ तुझ्या सोलरची काय दशा केली आमच्या सूनबाईनं! तुरी बडवायला गच्चीवर पाठवली, तर काठी घालून चार नळ्या फोडल्या. अन् वर तोंड करून म्हनती, मी हात लावला न्हाई!"

तुरी, काठी, सून. मुनीबच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागला. मग शिरलं आणि, खरं सांगायचं तर, आधी त्याला हायसं वाटलं.

उज्वला पुढे आली. तिने त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "मुनीबभाई, तुमी काळजी करू नका. तुमच्या मालात खोट न्हाई, हे आमाला दिसतंय. महिनाभर पानी लई चांगलं तापलं. नळ्या काकू बदलून घेतील. बाकीच्या घरांचं पक्कं समजा."

इतकं सोपं होतं. त्याने फक्त गप्प राहायचं होतं आणि गप्प राहायची तर त्याला सवयच झाली होती.

"वर बघून येतो," तो म्हणाला.

गच्चीवर एका कोपऱ्यात ताडपत्रीवर तुरीचा ढीग पडला होता, अर्धा बडवलेला. सोलर दुसऱ्या टोकाला. मधे दहा-बारा पावलांचं अंतर. कठड्याला टेकून अपूर्वा बसली होती. मुरुडची पोरगी, लग्नाला तीन महिने झालेले, नवरा अमरेश नांदेडला कामाला. डोळे रडून सुजले होते, पण आता ती रडत नव्हती.

"दादा, तुमी कारागीर हाव," ती म्हणाली. "तुमीच बघा. मी तिथं बसले हुते. नळाला पानी आलं म्हनून मोटार लावली अन् परत बडवायला बसले. मोठी टाकी भरली, पानी सोलरात उतरलं अन् कडकड आवाज झाला. एकामागं एक. मी उठून जाईस्तवर चार गेल्या."

मुनीबला बघायची गरज नव्हती, तरी तो वाकला. काठी बसली असती तर एका जागी मार दिसला असता. नळ्या पार तोंडापासून उभ्या चिरल्या होत्या. बाकीच्या अजून इतक्या तापलेल्या, की तोंडाजवळ बोट लावताच त्याने हात झटकला.

"दिसतंय का कायतरी?" तिने विचारलं.

"बघतो," तो म्हणाला. याहून नीच उत्तर त्याला सापडलं नसतं.

"सासूबाईंनी अप्पाला फोन केला," अपूर्वा म्हणाली. "तुमच्या लेकीला वळन न्हाई, खोटं बोलती, येऊन घेऊन जावा, असं म्हनाल्या. सगळ्या बाया ऐकून राहिल्या हुत्या. अप्पानं मला विचारलंबी न्हाई. लगेच त्यांची माफी मागितली."

म्हणजे फोन बिझी होता तो यासाठी. मुनीब नरसिंगशी बोलताना जे गिळून बसला, ते असं मुरुडला जाऊन एका बापाच्या गळ्यात अडकलं होतं. मुनीबलाही धाकटी बहीण होती, उमैमा, औशाला दिलेली. ती अशी कुणाच्या गच्चीवर बसली असेल, हे त्याच्या मनात आलं. तीस घरं, चौकातलं दुकान, सगळं त्याला एकदम लाजिरवाणं वाटलं.

तो जिना उतरला.

"काकू," तो अंगणात येऊन म्हणाला, "काठीनं फुटल्या न्हाईत. टाकी कोरडी पडलेली असताना दुपारी पानी आत गेलं, म्हनून फुटल्या. वॉल बंद ठेवायचा असतो. दिवस बुडाल्यावर उघडायचा असतो. पोरीचा कायबी दोष न्हाई."

"मग तू तर सांगितलंस, वॉल सदा उघडा ठेवा."

"हाव."

"तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक हुतं. तुमी घाबरून नको म्हनाल, म्हनून सांगितलं न्हाई. अन् आज नरसिंगभाऊचा फोन झाला, तवाबी न्हाई सांगितलं."

मग उज्वला बोलली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त लागलं होतं.

"मुनीबभाई, पानी कवा येतं, कवा भरायचं, कशात किती ठिवायचं, ह्याच्यातच आमचा जल्म चाललाय. रात्री दोनला पानी आलं तर आमी उठतो. अन् दिवस बुडल्यावर एक वॉल फिरवायचा, हे आमाला जमलं नसतं? इतक्या येड्या वाटलो का आमी?"

मुनीबने मान खाली घातली.

दानम्माचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. तिने कनवटीचा मोबाइल काढून त्याच्यापुढे धरला. "लाव. पोरीच्या बापाला, शंकरप्पाला, तूच सांग. माझ्या तोंडानं आता व्हायचं न्हाई."

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. स्पीकर चालू होता. मागे गाडीचा घरघराट येत होता.

"मी लोह्याचा सोलरवाला मुनीब बोलतो. तुमच्या लेकीनं काय केलं न्हाई, साहेब. ती खरं बोलत हुती. चूक माझी हाय. मी हितं सगळ्यांसमोर सांगून राहिलो."



"मी तर निघालो बाबा," शंकरप्पा म्हणाले. "मुरुडच्या पुढं आलोय. मग आता उतरू का? विहीणबाई काय म्हनतात?"

सगळ्यांनी दानम्माकडे पाहिलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात अपूर्वा जिन्यावरून खाली आली. तिने मुनीबच्या हातातून फोन घेतला आणि स्पीकर बंद करून कानाला लावला.

"उतरू नका अप्पा, या," ती शांतपणे म्हणाली. "न्हाई, भांडन न्हाई आता. पन मी खरं बोलून राहिले हुते तवा हितं कुनी ऐकलं न्हाई, अन् तुमीबी न्हाई. आधी मला आपल्या घरी न्या, मग बोलू."

तिने फोन दानम्माच्या हातात ठेवला आणि कपडे भरायला आत गेली.