शेवटच्या नळाचा नमुना

सहाला पाणी आलं आणि सहा वाजून एक मिनिटाने गल्लीतल्या एकवीस मोटरी एकदम सुरू झाल्या. भिंती घुमू लागल्या, फळीवरची भांडी किणकिणू लागली. पाणी एक दिवसाआड, तेही पाऊण तासच. त्या पाऊण तासात बहिऱ्यानेही कानात बोटं घालावीत असा गोंगाट असे.

गल्लीच्या तोंडच्या पहिल्या घरात थोरली सून स्वयंपाकघराच्या नळाखाली बाटली धरून उभी होती. ती पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. पदवी रसायनशास्त्राची, पण गल्लीला तिच्या हातातली बाटलीच दिसे.

"सकाळी सकाळी बाटलीला हात घालणारी आमच्याच घरात निघाली," धाकटा दीर चहा फुंकत म्हणाला. तो मोटर-मेकॅनिक होता. गल्लीतली प्रत्येक मोटर त्यानेच बसवली होती. सगळ्यांत आधी, स्वतःच्या घरी.

"भावजी, चहा घ्या गप्प," ती हसून म्हणाली. तिने नमुन्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं, म्हणजे जंतुनाशक पुरेसं होतं. तिने नोंदवहीत लिहिलं: योग्य.

तीन वर्षं ती हेच लिहीत होती. नियम तिला तोंडपाठ होते. नमुना वाहिनीच्या शेवटच्या नळाचा घ्यावा. नळाला थेट मोटर लावणाऱ्याची जोडणी तोडावी. पण शेवटचा नळ शिवणवालीच्या घरी, तिथे धार करंगळीएवढी. बाटली भरेपर्यंत कचेरीची वेळ टळायची. आणि मोटरी काय, सगळेच लावतात. सगळेच करतात त्याला गल्लीत चूक म्हणत नसत, रीत म्हणत.

इतक्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी धडाडलं. चहा टाकून दीर पान्हा घेऊन धावला, जणू वाटच पाहत होता. तीही नमुन्यांची पिशवी घेऊन मागोमाग गेली.

शिवणवालीच्या दारात दहा-बारा पुरुष होते. तिची सहा वर्षांची मुलगी आदल्या दिवशी दवाखान्यात जुलाबाने गेली होती. शेजारच्या चार घरांतही तेच दुखणं लागलं होतं.

"कुठकुठले जुने कपडे उसवत बसते! तिथूनच आणलाय रोग!"

"पोरगी खाल्ली स्वतःची, आता आमची खाणार!"

दिराने पान्ह्याने पाण्याचं पिंप फोडलं. दोघांनी शिवणयंत्र उचलून रस्त्यावर आपटलं. एकाने शिवणवालीला केसांना धरून उंबऱ्याबाहेर ओढलं. तिचा ओठ फाटला. ती रडत नव्हती. फुटक्या पिंपातलं पाणी दोन्ही हातांनी अडवायला बघत होती.

"परवा पाणी येईल तेव्हा तू इथे दिसलीस तर तुझं डोकं पिंपासारखं फोडीन," दीर म्हणाला.

"भावजी!" थोरली ओरडली. तिचा आवाज मोटरींत बुडाला.

ती शिवणवालीच्या घरात शिरली. नळ उघडा होता, थेंब नव्हता. तोटीत काही अडकलंय का, म्हणून तिने तळहात टेकवला आणि तोटीने तळहात आत ओढून घेतला. तिला हात हिसकावून सोडवावा लागला. कातडीवर लालभडक गोल उठला.

ती बाहेर आली आणि गटारापाशी बसली. नळाची वाहिनी गटारातूनच जात होती. एका सैल सांध्याभोवती काळं पाणी गोल फिरत होतं आणि आत जात होतं. एकवीस मोटरी पुढून ओढत होत्या. पाणी संपलं की वाहिनी गटार पीत होती.

मोटरी थांबल्यावर शिवणवालीच्या नळाला धार आली. थोरलीने पिशवीतल्या दोन बाटल्या भरल्या. औषध टाकलं. रंग आलाच नाही. वास मात्र आला.

घरी येऊन तिने एक बाटली टेबलावर ठेवली.

"पोरगी कपड्यांनी नाही गेली. आपल्या मोटरींनी गेली. परवा सगळ्या निघतील, आधी आपली. मी आज अहवाल देते."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," सासू म्हणाली. "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

"आई, मी नमुने मोजते. तेही चुकीचे मोजत आले."

"वहिनी, गल्ली मला जिवंत ठेवेल का?" दिराचा आवाज चढला. "दादा, समजव हिला."

नवऱ्याने समजावलं नाही. त्याने मागून तिचे दोन्ही हात धरले. "अगं, कशाला नसती उठाठेव," तो तिच्या कानाशी पुटपुटला आणि पकड घट्ट केली. दिराने बाटली भिंतीवर फोडली. मग तिच्या मानेला धरून तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा.

"तोंडावर नको रे," सासू म्हणाली, "तिला कचेरीत जायचंय."

भुवईतून रक्त डोळ्यांत उतरलं. तिने पिशवी उचलली आणि ती चालू लागली. दुसरी बाटली पिशवीतच होती. नमुना नेहमी जोडीने घेतात, हे भावजींना कुणी शिकवलं नव्हतं.

दोन रात्री ती मैत्रिणीकडे राहिली. तपासणीत मैल्याचे जंतू निघाले. साहेबांनी तिच्या भुवईवरचे टाके पाहिले, अहवाल पाहिला आणि आदेशावर सही केली.

पाण्याच्या दिवशी सहाच्या ठोक्याला ती खात्याचा फिटर आणि दोन मजूर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. मोटरी गरजत होत्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला शिवणवालीचं सामान बाहेर निघत होतं.

"कुठून सुरू करू, बाई?" फिटरने विचारलं.

"एक नंबर. माझं घर."

फिटरने पाइपावर करवत ठेवली आणि दीर बाहेर आला. पान्हा त्याच्या हातातच होता. ती करवत आणि तो यांच्या मधे उभी राहिली.

"बाजूला हो, वहिनी."

"तुम्ही व्हा."

पान्हा तिच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला कानाने नव्हे, दातांत ऐकू आला. ती गुडघ्यांवर कोसळली. त्याने पुन्हा पान्हा उगारला तेव्हा मजुरांनी त्याला खाली पाडलं; तो चिखलात तोंड घालून शिव्या देत राहिला. नवरा दारात होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, आधी दवाखाना," फिटर करवत खाली ठेवत म्हणाला.

"आधी पाइप. कापा."

पाइप कापला गेला. त्याचं तोंड ठोकून बंद केलं. दुसऱ्या दारी म्हातारा शेजारी तिचा लोंबणारा हात आणि रक्ताने भिजलेली बाही बघत राहिला, मग आत जाऊन त्याने आपणच बटण बंद केलं. तिसऱ्या घराने शिव्या दिल्या आणि बंद केलं. काहींनी लाजेने केलं, बऱ्याच जणांनी भीतीने. मेलेल्या मुलीसाठी कुणी केलं का, हे तिला कळलं नाही.

थोरली गल्लीच्या टोकाला पोचली तेव्हा शिवणवाली गाठोड्यावर बसली होती. आत फरशीवर पाणी आपटल्याचा आवाज झाला तशी ती दचकून आत धावली; थोरलीही मागोमाग गेली. उघड्या नळाला मनगटाएवढी धार लागली होती.

"मोटर कुणी लावली?"

"कुणीच नाही. सगळ्यांनी बंद केल्या."

शिवणवाली त्या धारेकडे बघत राहिली.

"एवढंच होतं, ताई?"

"एवढंच."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

नाही म्हणता आलं असतं. गटारातला सांधा तिने परवाच पाहिला होता.

"नियम ठाऊक होता. तीन वर्षं. तुमच्या नळाशी मी कधी आलेच नाही. आले असते तर कळलं असतं."

शिवणवालीने तिच्या थोबाडीत मारली. टाके उसवले. तिने पुन्हा मारली. थोरलीने डावा हात वर केला नाही. तोल सांभाळायला फक्त भिंत धरली. तिसऱ्यांदा उगारलेला हात हवेतच राहिला आणि शिवणवाली पहिल्यांदा ओरडून रडली, जनावरासारखी, वाकून, पोट धरून.

बरंच पाणी वाहून गेलं. मग शिवणवालीने नळ बंद केला.

थोरलीने पिशवीतून अहवालाचा कोरा कागद काढायचा प्रयत्न केला. उजवा हात उचलेना. शिवणवालीने कागद ओढून घेतला, पेनही घेतलं.

"सांगा. मापं लिहायची सवय आहे मला."

"तुम्ही कशाला..."

"सांगा म्हणते ना. मोठ्याने."

बाहेर उंबऱ्याउंबऱ्यांवर माणसं उभी होती. थोरलीने भिंतीला पाठ टेकवली.

"मृत मुलगी, वय सहा. कारण, नळाचं पाणी. या वाहिनीचा नमुना तीन वर्षं चुकीच्या नळाचा घेतला गेला. घेणारी, मी."

शिवणवालीने एकेक अक्षर दाबून लिहिलं. कागदावर रक्ताचा थेंब पडला, तो तिने अंगठ्याने पुसला.

"पुढे," ती म्हणाली.