दोन कॅसेटींतला एकच हुंदका

१९९५ साली लिंबायतच्या कामगार वस्तीत बिगुलबाबाचं प्रस्थ इतकं वाढलं होतं, की अमावास्येला त्याच्या गल्लीतून रिक्षासुद्धा जात नसे. तिथल्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायचो. एकदा मीही बघायला गेलो.

ओट्यावर टेपरेकॉर्डर होता, त्याला कर्णा जोडलेला. बाबा सांगत होता, की लढाईत मेलेल्यांची पलटण वर अजून कवायत करते. मेलेल्यानं हाताळलेली कॅसेट आणून द्यायची, ती नसेल तर कोरी; ती महिनाभर बाबाच्या गादीखाली राहिली की तिच्यात त्या पलटणीचा बँड उतरतो. पहिल्या महायुद्धात रणांगणावरच टिपलेले अस्सल बँडही आपल्याकडे आहेत, असं तो छातीवर हात ठेवून सांगे. त्या काळी ते कोणी आणि कशावर टिपले, हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

त्या दिवशी रंभाबाईंची कॅसेट लागली. रंभाबाई आमच्याच चाळीतल्या, मूळच्या धुळ्याकडच्या, साड्यांच्या घड्या घालून पोट भरणाऱ्या. मुलगा धम्मपाल सैन्याच्या बँडात कॉर्नेट हे तुतारीसारखं पितळी वाद्य वाजवायचा. श्रीलंकेतल्या लढाईत बँडवाल्यांना स्ट्रेचर उचलायचं काम लागलं, आणि एका जखमीला आणताना तो गेला.

कर्ण्यातून कूच, म्हणजे पलटणीच्या चालीची धून, सुरू झाली. मध्येच कॉर्नेट एका सुरावर अडखळलं, तेच तेच वाजलं आणि पुढे सरकलं. बाबानं डोळे मिटले.

"आईला बघून भरून आलं त्याला. हा त्याचा हुंदका."

रंभाबाईंनी कर्ण्याला हात जोडले. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. माझ्याही अंगावर काटा आला. पण चरा पडलेल्या तबकडीत सुई अडकली की नेमकं असंच वाजतं, हेही मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे रंभाबाईंच्या मुलीला, स्वप्नाला सांगितलं. ती दवाखान्यात नर्स होती. ती म्हणाली, की शेजारच्या मालतीबाईंच्या सासऱ्यांचा बँडही बाबानं असाच उतरवून दिला होता. ते ब्रह्मदेशच्या लढाईत गेलेले.

रविवारी आम्ही चाळीत दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवले, सगळ्यांना बोलावलं आणि दोन्ही कॅसेटी एकदम लावल्या. दोन्हींत एकच कूच निघाली, किंचित मागेपुढे. नेमक्या त्याच जागी, त्याच सुरावर आधी सासरे अडखळले, मग धम्मपाल.

"दोघं एकाच जागी कसे रडले?" मालतीबाईंनी विचारलं.

माणसं उठून तडक बाबाकडे गेली. आतल्या खोलीत, खाटेखाली, टेपरेकॉर्डरला तार जोडलेला रेकॉर्ड प्लेअर सापडला आणि त्यावर लष्करी बँडची जुनी तबकडी, आडवा चरा पडलेली. हे तर नुसतं साधन आहे, असं बाबा म्हणत राहिला. संध्याकाळच्या आत तो कडोदऱ्याच्या बाजूला पसार झाला.

रंभाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. सगळे परतल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "मंग मना पोऱ्यानं वाजाडेल कोठे गयं?"

मुलानं वाजवलेलं कुठे गेलं म्हणजे काय, ते मला कळेना. स्वप्नानं तोंड फिरवून सांगितलं, की ती कॅसेट कोरी नव्हती. धम्मपालनं बराकीत स्वतःचं कॉर्नेट तिच्यावर भरून आईला पाठवलं होतं. दुसरी प्रत नव्हती; त्याच्या सुरांपुढेच पलटणीचा बँड उतरेल, अशी आईची समजूत होती. बाबानं तिच्यावरच तबकडी उतरवली होती.

मी कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकली. बँड संपल्यावर नुसती खरखर होती. एकदा पुसलं गेलेलं परत येत नाही, हे रंभाबाईंना मलाच सांगावं लागलं.

"थोडंबी नाही?"

"नाही, मावशी."

त्यांनी कॅसेट पदरात घेतली आणि त्या घरात गेल्या.

बाबा खोटा ठरला, पण त्या दिवशी आमच्या चाळीत कुणाला जिंकल्यासारखं वाटलं नाही. म्हणून हात जोडून सांगतो: चमत्कार दाखवणारा भेटला, तर तो काय देतोय याला भुलू नका. तो तुमच्याकडून काय मागून घेतोय ते बघा, आणि हातातलं सोडण्याआधी प्रश्न विचारा. रंभाबाईंजवळ त्यांच्या मुलाचा खरा सूर होता. तो त्यांनी खोट्या सुरासाठी स्वतःच्या हातानं देऊन टाकला, आणि त्यांना अडवायला आमच्यातलं कुणीही वेळेवर पुढे झालं नाही.