येस्पर काही विचारत नाही

"इथे टॉयलेटला जायला परवानगी काढावी लागते का?"

पैज वर्गातल्या सेल्मा आणि आस्ताने लावली होती. शाळेने आठवडाभर कारखान्यात काम शिकायला पाठवलंय ना, मग पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मॅनेजरला हे विचारून दाखव! आणि अल्बर्ते कसली मागे हटतेय! डेन्मार्कच्या युटलँडातल्या त्या खिडक्यांच्या कारखान्यात सोमवारचा नाश्ता चालला होता. लांबलचक टेबल, पाव, लोणी, चीज, आणि खुद्द येस्पर सगळ्यांना कॉफी ओतत होता. मॅनेजर असला तरी तो येस्परच. त्याला कुणी साहेब म्हटलं असतं, तर कोण आलंय म्हणून त्याने मागे वळून पाहिलं असतं. अल्बर्तेने तोंडातला घास गिळला आणि खणखणीत आवाजात विचारून टाकलं.

अख्खं टेबल खदखदून हसलं. तिची छाती अशी फुगली!

"परवानगी?" येस्परही हसत होता. "अगं, इथे कुणी कुणावर पहारा ठेवत नाही. तुझ्या बाबालाच विचार की! त्याच्याइतक्या वेळा ते दार अख्ख्या कारखान्यात कुणी उघडत नाही."

आणखी मोठा हशा. अल्बर्तेही हसली. तिचा बाबा, फ्लेमिंग, समोरच बसला होता. तो हसत नव्हता. हातातला पाव त्याने अलगद ताटलीत ठेवला आणि त्या दिवशी मग पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

तिथली दारं, टॉयलेटचंसुद्धा, कार्डाने उघडतात आणि दरवेळी नोंद होते. आग लागली तर आत कोण अडकलंय ते कळावं म्हणून. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. आगीला नाही कोण म्हणणार? पण कोण कितीदा आत गेलं हे कुणीतरी निवांत बसून बघत असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी आई बटाटे सोलता सोलता बोलून गेली. बाबाला आतड्यांचा आजार होता, बऱ्याच दिवसांपासून.

"त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं गं."

"मलासुद्धा?"

"तुला तर नाहीच."

मंगळवारी येस्परने बाबाला आपल्या खोलीत बोलावलं. काळजीपोटी, म्हणे. आजार कोणता हे मालकाने किंवा मॅनेजरने कायद्याने विचारायचं नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे अल्बर्ते निर्धास्त होती. पण बाबा बाहेर आला तो पांढराफटक.

"विचारलं त्याने?"

"छे! तोच म्हणाला, मी काही विचारत नाही हं, विचारायचं नसतंच. कॉफी दिली आणि गप्प बसला."

"मग?"

"मग काय! असा समोर प्रेमाने गप्प बसलेला माणूस, त्याचं करायचं काय? त्याच्या पोरीच्या चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या मेजवानीला जेवलोय मी, नाचलोय." बाबाने मान खाली घातली. "सांगून टाकलं सगळं. रक्त पडतं तेसुद्धा."

बुधवारी बाबाच्या काच कापायच्या यंत्रावर दुसराच माणूस उभा होता. बाबाला टॉयलेटसमोरचं टेबल मिळालं, खिडक्यांच्या मुठी पिशव्यांत भरायला. "तुझ्याच सोयीसाठी रे," येस्पर म्हणाला. आणि कुणाचा गैरसमज नको, म्हणून बाकीच्यांनाही त्याने कारण सांगून टाकलं. लोक वाईट नव्हते. एकाने खुर्चीत घालायला उशी आणली. दुसऱ्याने पाठीवर थाप मारली, "फ्लेमिंग, पहिल्या रांगेचं तिकीट मिळालं की लेका!"

बाबा हसला. ते हसणं अल्बर्तेला बघवेना. ती तडक बोडिलकडे गेली. बोडिल म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली प्रतिनिधी.

"बोडिल, काहीतरी कर ना!"

"बस आधी. दाराची नोंद आगीसाठी, खाली सही तुझ्या बाबाची. आजार त्याने आपणहून सांगितला."

"आणि सगळ्यांना सांगत सुटला येस्पर, ते?"

"ते चुकलंच. तक्रार करता येईल." बोडिलने चष्मा पुसला. "पण येस्परने काय सांगितलं, म्हणजे तो आजारच, तक्रारीत लिहावा लागेल. मग मुख्य कचेरी वाचणार, वकील वाचणार. तुझ्या बाबाला विचारलंय मी. नको म्हणाला."

"मी ते तोंड उघडलंच नसतं तर..."

"तर तुला कळलं नसतं, एवढंच. येस्परला आधीच माहीत होतं, पोरी."

रात्रीच्या जेवणाला बाबाच पहिल्यांदा बोलला. "येस्पर तुझ्यावर खूश आहे. बिनधास्त पोरगी म्हणाला. दर शनिवारचं काम देतोय तुला. घे."

"मी? त्याच्याकडे?"

"नाही म्हणालीस तर त्याला वाटेल, आपण राग धरलाय."

"धरलाच आहे ना बाबा!"

"मला अजून तिथेच काम करायचंय, अल्बर्ते."

आईने बटाट्यांचं भांडं उगाचच पुढे सरकवलं. कुणी वाढून घेतलं नाही. अल्बर्तेने काटा खाली ठेवला.

"मी उद्या जाणार नाही. शनिवारीही नाही. आजारी आहे म्हणून कळवा."

"तो फोन करेल गं," बाबा थकून म्हणाला. "काळजीने. आणि गप्प बसेल. तुझा टिकाव नाही लागायचा. मलाही वाटलं होतं, माझा लागेल."

"बसू दे त्याला गप्प. मला काय होतंय ते मी कुण्णाला सांगणार नाही." तिने खुर्ची मागे सारली. "तो तुमच्यासमोरही येऊन गप्प बसेल. म्हणून आजपासून तुम्हा दोघांनासुद्धा नाही."