सुटलेला फर्मा

शाळेच्या बाईंनी पुस्तक बाइंडिंगच्या टेबलावर ठेवलं नाही, आपटलं.

"तुम्ही बांधलेल्या चाळीस पुस्तकांतलं हे एक. बत्तिसावं पान उलटा."

वहिनीने हाताची खळ फडक्याला पुसली आणि पान उलटलं. पुढे पुन्हा सतरावं. सतरा ते बत्तीस पानांचा फर्मा, म्हणजे घडी घातलेला छापील कागद, दोनदा शिवलेला आणि तेहेतीस ते अठ्ठेचाळीसचा नाहीच.

हे पुस्तक एका मुलीच्या वाट्याला आलं होतं. छत्तिसावं पान वाच म्हटलं की ती नुसती उभी राहायची. सोंग करते, असं समजून बाईंनी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. चाचणीत निम्मा पेपर कोरा गेला, त्यावर घरी बापाचा मार. काल बाईंनी वैतागून विचारलं, तुला येतं तरी काय? तेव्हा तिने सतरा ते बत्तीस पानं न अडखळता म्हणून दाखवली. दोनदा छापलीत म्हणजे महत्त्वाची असणार, असं तिला वाटलं होतं. पुस्तक चुकू शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मीही तिला ठोंबी म्हणाले," बाई म्हणाल्या. "माझं मी निस्तरेन. तुमचं तुम्ही बघा."

त्या गेल्यावर वहिनी मागच्या खोलीत गेली. तिचा दीर रद्दीच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून मोबाइल बघत होता. गल्ली त्याला 'निवांत' म्हणायची. आळस घालवायचे सात मार्ग कोणीतरी मोबाइलवर सांगत होतं, आणि निवांत चौथ्यापर्यंत पोचला होता. वहिनीने मोबाइल काढून घेतला आणि पुस्तक त्याच्या छातीवर ठेवलं.

त्याने पान पाहिलं आणि तो उठून बसला. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण असते, दर फर्म्याला थोडी खाली सरकलेली. फर्मे नीट लागले की पाठीवर खुणांचा जिना दिसतो, आणि एखादी पायरी तुटली तर कुणालाही कळतं. बघायला एक क्षण लागतो. शिवाय छापखान्यातून प्रत्येक फर्म्याच्या दोन प्रती जास्त येतात. शेवटी एकाची एकच उरली, दुसऱ्याच्या तीन, हे त्याने पाहिलं होतं. पाहून ते सगळे फर्मे त्याने रद्दीत टाकले होते.

"त्या दिवशी मन लागत नव्हतं, वहिनी."

"माझं रोज लागतं असं वाटतं तुम्हाला?" तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्तच घाबरला. "सकाळी गार खळीत हात घालायला कुणाचं मन लागतं, भाऊजी? हात आधी जातात. मन आलं तर मागून येतं, नाही आलं तर बसू दे घरी. तुमचं मन लागेना, मार मात्र त्या पोरीने खाल्ला."

पलीकडे कापायच्या यंत्रावर तिचा नवरा होता. लहान आहे अजून, असं काहीतरी तो पुटपुटला. एकतीस वर्षांचा आहे, असं ती म्हणाली, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

निवांतने गठ्ठा सोडला. हवा तो फर्मा वरून तिसराच होता. इतके दिवस तो त्याच्या डोक्याखाली होता. त्याने जुने दोरे कापले, जास्तीचा फर्मा काढला, नवा घालून शिवायला घेतलं. सुई दोनदा बोटात घुसली. वहिनीने विचारलं नाही. खळ लावून पुस्तक त्याने दाबात ठेवलं. तुम्हीच नेऊन द्या ना, असं तो हळूच म्हणाला.

"चूक माझी नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला तो वर्गासमोर उभा राहिला. या पुस्तकात सोळा पानं नव्हती, ती मी आळसाने सोडली, हिची काही चूक नव्हती, एवढं त्याने सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

मुलीने पुस्तक घेतलं. तेहेतिसावं पान काढलं आणि अठ्ठेचाळीसपर्यंत एकेक पान मोजलं. ती हसेल अशी त्याची आशा होती.

"हे माझ्या बाबांना सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर त्यांना खोटं वाटेल."

"कुठे असतात ते?"

"गॅरेजमध्ये. आत्ता असतील."

घंटा झाली. तिने दप्तर पाठीला लावलं आणि त्याच्याकडे न बघता रस्त्याला लागली. तो तिच्या मागून निघाला. ती भरभर चालत होती. त्याला धाप लागली, पण जरा थांब म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.