अक्कांच्या गच्चीवरची डिश

जावयाला नारायण मानावं, आणि अधिक महिन्यात तर मानावंच, असं शास्त्र सांगतं. हे शास्त्र लिहिणाऱ्याला मुलगी नसणार, असं रघुनंदनरावांचं पक्कं मत होतं. निदान पुण्याचा जावई तरी नक्कीच नसणार.

त्यांचे जावई मल्हारराव मारतहळ्ळीच्या एका कंपनीत आर्किटेक्ट होते. घरं बांधणारे नव्हेत; कसले, ते त्यांनी लग्नापासून बऱ्याचदा समजावलं होतं आणि रघुनंदनरावांनी दर वेळी ते आवर्जून विसरून टाकलं होतं. जावई बोलायला लागले की सुरुवात 'बेसिकली'ने व्हायची आणि शेवट 'सिंपल आहे'ने. मधलं काहीच सिंपल नसायचं. रघुनंदनरावांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं. त्यांच्या घरातलं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून जावई पहिल्याच भेटीत 'किती क्यूट' म्हणाले होते. त्या दिवसापासून रघुनंदनरावांनी त्यांच्यासमोर बोलणं कमी केलं आणि मनातल्या मनात बोलणं फार वाढवलं.

आता मनातल्या मनात बोलायला जावयाने विषयही अस्सल दिला. रघुनंदनरावांची सारी नोकरी रेडिओ लावण्यात गेली होती. गाणी लागतात तो रेडिओ नव्हे. एका डोंगरावरची डिश दुसऱ्या डोंगरावरच्या डिशशी बोलते, तो. मनोऱ्यावर चढून, वाऱ्यात लोंबकळत, पान्याने बोटभर इकडे बोटभर तिकडे करत त्यांनी अर्ध्या दक्षिणेतल्या डिश एकमेकींकडे वळवल्या होत्या. आणि नेमका हाच उद्योग जावईबापूंनी घराजवळ, जयनगरातच, तोही सासऱ्याच्या नाकासमोर मांडला.

कारण अक्का. रघुनंदनरावांच्या थोरल्या बहिणीला, अहल्याबाईंना, सगळे अक्काच म्हणत. शाळेत गणित शिकवून, लग्नाच्या भानगडीत न पडता, स्वतःच्या पगारातून तिने भावापासून तीन गल्ल्यांवर घर बांधलं होतं. खिडक्या कुठे, कट्टा किती उंच, सगळं तिने ठरवलेलं. यंदा हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण भाची, म्हणजे रघुनंदनरावांची मुलगी शाल्मली, घाबरून गेली. अक्का भावाकडे येऊन आठवडाभर राहिलीही. मग तिच्यात आणि भावजयीत, म्हणजे प्रमोदिनीबाईंत, रस्समच्या मिरपुडीवरून काय झालं ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही, आणि अक्का आपल्या घरी परतली. शाल्मलीने शहराबाहेर, होसकोटेपलीकडचं ज्येष्ठांचं एक निवास पाहून ठेवलं. अक्काने ते नाव उच्चारायलाही नकार दिला.

तेव्हा तोडगा काढला तो मल्हाररावांनी. अक्कांच्या घरात दोन कॅमेरे बसवायचे, म्हणजे शाल्मलीला फोनवर आत्या दिसत राहील. गल्लीत रस्त्याचं काँक्रीट चालू होतं, केबल सारखी तुटायची, म्हणून अक्कांच्या गच्चीवर एक डिश आणि सासऱ्यांच्या गच्चीवर एक. हवेतून सरळ सासऱ्यांच्या घरी चित्र यायचं आणि तिथल्या इंटरनेटवरून शाल्मलीच्या फोनवर. 'बेसिकली एकदम सिंपल आहे.' अधिक महिना संपायच्या आत हे न तुटता चालायला लागलं, तर अक्कांनी आपल्या घरी राहायचं. नाही चाललं, तर होसकोटे. अक्का गणिताची बाई, तिला अशी सरळ अट आवडली. ती 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणाली.

अधिक महिन्यातल्या पहिल्याच रविवारी जावईबापू आले. प्रमोदिनीबाईंनी चांदीच्या वाटीत अनारसे दिले, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढले, पायांवर पाणीसुद्धा घालणार होत्या, पण जावयाने मोजे घातले होते. सासऱ्यांच्या गच्चीवरची डिश सकाळीच बरोबर रोखून झाली होती; जेवून सुस्तावलेले मल्हारराव अक्कांच्या गच्चीवर गेले आणि पान्यांची पिशवी धरायला सासरे मागोमाग.

मध्ये होंगेचं, म्हणजे करंजाचं, मोठं झाड, नव्या पालवीने गच्च भरलेलं. समोरची गच्ची काही दिसेना. म्हणून मल्हाररावांनी फोन काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं आणि दिशा काढायला उभे कुठे राहिले, तर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्याला टेकून. लोखंडापाशी होकायंत्र धरू नये, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते पोर शाळेत गेलेलं असावं लागतं, आर्किटेक्ट होऊन चालत नाही, असं रघुनंदनराव मनात म्हणाले आणि पाना पुढे केला.

सांगाड्याने दाखवलेल्या भलत्याच दिशेला मल्हाररावांनी डिश रोखली आणि हळूहळू वळवू लागले. डिशच्या पाठीवर छोट्या दिव्यांची ओळ होती. सिग्नल जितका चांगला तितके जास्त दिवे. एक लागला, दुसरा लागला, मग विझायला लागले. जावयाने डिश किंचित मागे घेतली, दोन दिवे परत आणले आणि नट आवळायला घेतला.

इथे रघुनंदनरावांच्या जिभेवर शब्द आला होता. डिश फिरवताना सिग्नल आधी थोडा वाढतो, मग पडतो, आणि तशीच पुढे फिरवत नेली की खरा वाढतो. पहिली वाढ फसवी. मनोऱ्यावर चढणाऱ्या नव्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगत, आणि तरीही तो फसला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची टर उडवत. मल्हारराव त्या फसव्या जागी खुशाल मुक्काम ठोकत होते. अजून हातभर फिरवली असती तर काम झालं असतं. पण जिन्यात प्रमोदिनीबाई कॉफीचे पेले घेऊन उभ्या होत्या. लग्नातच सासऱ्याने एकदा जावयाची चूक काढली होती आणि त्यावरून शाल्मली दोन महिने माहेरी फिरकली नव्हती. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या मनातलं ओळखण्याची कला त्यांनी तेव्हापासून साधली होती. त्यांनी डोळे वटारले. रघुनंदनरावांनी मूग गिळले.

खाली चित्र आलं. अक्का आपल्याच घरात चालताना शाल्मलीला फोनवर दिसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्काने मात्र भावाला बाजूला घेतलं.

"रघू, तुला यातलं कळतं. हे चालेल ना?"

जावई दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

"मल्हारराव बघताहेत ना," रघुनंदनराव म्हणाले. "चालेल."

संध्याकाळी वारा सुटला, होंगेची पानं हलली आणि चित्र गेलं.

पुढचे दिवस रघुनंदनरावांच्या निवृत्त आयुष्यातले सर्वांत मौजेचे होते, हे सांगायला हवं. मेलेल्या सिग्नलपुढे जावई रोज नवं काहीतरी करत आणि सासरे खालून शिडी धरून तमाशा बघत. मल्हाररावांनी डिशमधलं सॉफ्टवेअर बदललं. ताकद वाढवली. चॅनेल बदलला, मग परत पहिल्यावर आणला. शेजारच्या वायफायला शिव्या घातल्या. पुण्याच्या कुणा मित्राला व्हिडिओवर बोलावून डिश दाखवली. तोही तितकाच दिवटा, त्याने नवी केबल टाकायला सांगितली. मग होंगेच्या झाडावर खापर फोडून झालं आणि शेवटी बंगळुराच्या हवेवर. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण पुण्यातूनच निघाली असणार, असं रघुनंदनराव मनात म्हणाले आणि त्या विनोदावर दोन दिवस खूष राहिले.

खरं तर गच्ची मोकळीच असायची. दुपारी जाऊन नट सैल करून डिश वळवून ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. रघुनंदनराव एकदा गेलेही. डिशवर हात ठेवला, आणि त्यांना वाटलं, एवढ्यात कशाला? अजून थोडं भाजू दे. पठ्ठ्या एकदा तोंडावर आपटू दे, हात टेकू दे, मग सगळ्यांसमोर, शाल्मलीसमोर, एका हाताने करून दाखवू. ते खाली आले आणि स्वतःला म्हणाले, जावयाचा मान, दुसरं काय.

आणि मग ती वेळ आलीसुद्धा. महिना सरत आला होता. मल्हारराव ऑफिस बुडवून आले, भर उन्हात टाकीपाशी बसून राहिले, मानेवरचा घाम पुसला आणि सासऱ्यांकडे वळून प्रथमच 'बेसिकली'शिवाय बोलले.

"अप्पा, माझं कुठेतरी चुकतंय. तुम्हाला काही दिसतंय का?"

सोन्यासारखी संधी होती. पण शाल्मली नव्हती, प्रमोदिनीबाई नव्हत्या, बघायला कुणीच नव्हतं. इतके दिवस जपलेला विजय असा रिकाम्या गच्चीवर उधळायचा? शिवाय तो 'क्यूट' शब्द रघुनंदनरावांच्या घशात अजून अडकलेला होता.

"छे हो," ते म्हणाले. "आमचं सगळं जुनं. तुमच्यासारख्या तज्ज्ञापुढे आम्ही काय बोलणार."

मल्हारराव मान हलवून पुन्हा फोनमध्ये घुसले.

रघुनंदनरावांच्या हिशोबात एकच गोष्ट राहून गेली होती. अपयश आलं की जावई हात टेकेल, असं त्यांनी धरलं होतं. पण शिकलेला माणूस हात टेकत नाही, अहवाल देतो. अधिक महिना संपला त्या रविवारी सगळे जेवायला जमले असता मल्हाररावांनी शांतपणे सांगितलं, की दोन घरांच्या मध्ये झाड आहे तोवर हे होणार नाही, जागाच योग्य नाही. कुणी हसलं नाही. कुणी सासऱ्यांकडे वळलंही नाही. शाल्मली रडवेली होऊन आत्याकडे बघत राहिली. अक्काने भात संपवला, ताक प्यायली आणि म्हणाली, अट ती अट. होसकोट्याला कधी जायचं तेवढं सांगा.

रघुनंदनराव त्या क्षणी बोलू शकले असते. त्यांनी तोंड उघडलंही. पण आता बोलायचं म्हणजे इतके दिवस का बोललो नाही तेही सांगायला हवं होतं. त्यांनी पापड मागितला.

निघायच्या सकाळी अक्कांच्या घरासमोर गाडी उभी होती. सामान फारसं नव्हतंच. मल्हारराव ते डिकीत रचत होते, शाल्मली आणि प्रमोदिनीबाई आत कपाटं बंद करत होत्या. कॅमेरे-डिश सुम्ने, उगाच, कशाला ठेवायची, काढून आणा, असं बायकोने सांगितल्यामुळे रघुनंदनराव पाना घेऊन गच्चीवर आले. डिश चालूच होती, पाठीवर एक दिवा मिणमिणत होता.

नट सैल झाला आणि हाताला राहवेना. वर्षानुवर्षांची सवय ती. त्यांनी डिश काढायच्या ऐवजी वळवली. दिवा विझला. तशीच पुढे, टाकीवरून, होंगेच्या मधल्या फांदीकडे. एक दिवा लागला, मग दोन, मग एकदम सगळी ओळ पेटली. त्यांनी किंचित पुढे-मागे करून बरोबर मध्ये आणून नट आवळला. झाड सळसळत होतं आणि एकही दिवा हलत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना मनापासून हसू आलं.

"इतकंच होतं?"

अक्का जिन्याच्या दारात उभी होती. गच्चीचं शेवटचं दर्शन घ्यायला भिंतीला धरत वर आली होती.

रघुनंदनराव सुटले. महिनाभर तुंबलेलं सगळं बाहेर आलं. लोखंडी सांगाडा, होकायंत्र, फसवी वाढ, खरी वाढ, पुण्याचा दिवटा मित्र, काही म्हणता काही सोडलं नाही. अक्काने सगळं नीट ऐकून घेतलं. हुशार पोराचं उत्तर ऐकावं तसं मध्येच मान हलवली.

"सरी," ती म्हणाली. "तुला हे कळलं कधी?"

"लावली तेव्हाच. पहिल्याच दिवशी."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

मग त्यांनी घाईघाईने जावयाचा मान काढला, प्रमोदिनीचे वटारलेले डोळे काढले, लग्नातलं भांडण काढलं. आणि अजून काय बिघडलंय, आत्ता खाली जाऊन सांगतो, सामान उतरवू, तू इथेच राहा, मी बघत जाईन रोज, असं बरंच काही म्हणाले. तिच्या डोळ्यांत बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

"मल्हारला येत नव्हतं रे," अक्का म्हणाली. "रोज उन्हात बसून धडपडला बिचारा. तुला येत होतं."

"अक्का, पण आता—"

"आता काय? मी परत पडले की तुला दिसेल. आणि तू बघत बसशील."

तिने गच्चीवरून एकदा नजर फिरवली, कठड्यावर सुकायला राहिलेलं फडकं उचलून त्याची घडी घातली आणि वळली. रघुनंदनराव हात द्यायला पुढे झाले. तिने तो घेतला नाही. भिंतीला धरून, एकेक पायरी थांबत ती उतरत गेली.

खाली मल्हाररावांनी तिला जिन्यात पाहिलं आणि धावत आत येऊन हात पुढे केला. अक्काने तो धरला, आणि गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.