मातृभाषेचा रकाना

युद्धात देशाचे तुकडे झाले, तेव्हापासून शाळा एक, पण दारं दोन. क्रोएशियन भाषेवाली मुलं डावीकडून आत जायची, बोस्नियनवाली उजवीकडून, आणि पटांगणात मधोमध तारेचं कुंपण. नेर्मानाने जुळ्या मुलींचे अर्ज भरायला घेतले आणि मातृभाषेच्या रकान्यापाशी तिचा पेन अडला. माहेर उजव्या दाराचं, सासर डाव्या दाराचं. नवरा जर्मनीत बांधकामावर, फोनवर म्हणाला, "तूच ठरव." वा रे पठ्ठ्या!

डाव्या कचेरीतल्या काताबाईंनी तोडगा काढला. "एक इकडे घाल, एक तिकडे. दोन्ही आज्या खूश."

"पोरी आहेत की आलुबुखार, वाटून घ्यायला?" नेर्माना म्हणाली.

आवाज ऐकून उजव्या कचेरीतली इस्मेता धावत आली. पट घटलेला, वर्ग बंद पडायची धास्ती दोघींनाही.

"दोघींना आमच्याकडे दे!" इस्मेता म्हणाली. "आई आमची आहे."

"आणि बाप कुणाचा गं?" काताबाई कडाडल्या.

अर्धा तास जुंपली. तेवढ्यात नेर्मानाने दोन्ही रकान्यांत ठसठशीत लिहिलं: सर्बो-क्रोएशियन.

"अगं, ती भाषा कधीच मेली," काताबाई डाफरल्या. "जुन्या देशाबरोबरच गेली."

"मग आत्ता दोघी कशात भांडलात? दुभाष्या तर कुणी दिसला नाही. मी याच शाळेत हीच शिकले, काताबाई, तुम्हीही. इथे एका आजीच्या भाषेचं नाव घातलं की दुसरी आजी नातींना परकी झाली. ते मी करणार नाही."

अर्ज वरून तीनदा परत आले. तीनदा तिने तेच लिहिलं.

शाळा सुरू झाली त्या सकाळी यास्ना आणि दुन्या या जुळ्यांना घेऊन ती दोन्ही कचेऱ्यांमधल्या बाकावर बसली आणि पुस्तक उघडून स्वतःच शिकवू लागली. शिपायाने हटकलं. "वर्गात जागा द्या, उठते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. येणारेजाणारे हसत. तिला रडू येई, पण मुलींसमोर ती ते गिळून टाकी.

नवव्या दिवशी काताबाई कोरे अर्ज घेऊन बाहेर आल्या. उभ्याउभ्याच त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन्ही रकाने भरले, सर्बो-क्रोएशियन, आणि खाडकन शिक्के मारले.

"दार माझं, भाषेचं नाव तुझं. दोघी एकाच वर्गात. आता मला नोकरीवरून काढतील, बघ."

नेर्मानाने मुलींची दप्तरं उचलली.

"काढू देत. उद्या तुम्ही बसा या बाकावर, काताबाई. मी शेजारी बसते."